ऐकणारें घड्याळ

पहांटे पांच वाजतां उठून प्रार्थना करावी ही माझ्या आईची जन्माची संवय. परंतु काचबिंदूनें तिची दृष्टि जवळजवळ हिरावून घेतली, तेव्हांपासून उशाशीं असलेलें जुनें किल्लीचें घड्याळ तिला असून नसल्यासारखें झालें. कांटे दिसेनात, व संधिवातानें आंखडलेल्या बोटांनीं गजराची किल्ली फिरेना. रात्रीं दोन वाजतां जाग आली तरी ती अंधारांत उठून बसे आणि पांचाची वाट पाही. एके रात्रीं मला तिची चाहूल लागली. "मला कां हांक मारली नाहींस?" असें मीं विचारतांच ती म्हणाली, "तुला दिवसभर पोरांपुढें उभें राहावयाचें असतें. वेळ विचारण्यासाठीं तुझी झोंप कशाला मोडूं?" हें उत्तर माझ्या जिव्हारीं लागलें. ज्याला विचारतांना तिला संकोच वाटणार नाहीं, असें एक घड्याळ तिला करून द्यावयाचें असा मीं निश्चय केला.

बोललेलें ऐकणारीं तयार यंत्रें आज बाजारांत मिळतात, व खिशांतला मोबाइलही तें काम करतो, हें वाचकांना ठाऊकच आहे. परंतु त्यांतील पुष्कळांना इंटरनेटचा आधार लागतो, आणि आमच्या भागांत रात्रीं तो केव्हां तुटेल याचा नेम नाहीं. शिवाय आईचें बोलणें, तिची प्रार्थनासुद्धां, घराबाहेर कोठें तरी जावी हें मला रुचेना. म्हणून नववीच्या विज्ञान मंडळांतील मुलांपुढें मीं ही अडचण मांडली, व तीं मोठ्या उत्साहानें कामास लागलीं.

आमची सामग्री साधीच होती. २०१२ सालीं इंग्लंडांत प्रथम विक्रीस आलेला, तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक, एक मायक्रोफोन, एक लहान स्पीकर, आणि वेळ राखणारा डीएस-३२३१ नांवाचा छोटासा भाग. या भागाला बटणाएवढी बॅटरी असते. त्यामुळें वीज गेली तरी त्याची वेळ ढळत नाहीं. वर्षाकाठीं फार तर एका मिनिटाच्या आसपास फरक पडतो. पेटी एका विद्यार्थ्याच्या सुतार वडिलांनीं करून दिली.

यंत्र ऐकतें म्हणजे नेमकें काय करतें? आवाज म्हणजे हवेंतील कंप. मायक्रोफोन त्या कंपांचें विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो, आणि संगणक ते चढउतार एका सेकंदांत १६,००० वेळां मोजून अंकांत लिहून ठेवतो. त्या अंकांवरून, कोणत्या क्षणीं कोणते उंच व कोणते खालचे सूर जोरांत होते याचा एक तक्ता तयार होतो. आम्हीं मोजक्या शब्दांचे नमुने आधींच सांठवून ठेवले. नवा शब्द आला कीं त्याचा तक्ता प्रत्येक नमुन्याशीं ताडून पाहावयाचा, व जो सर्वांत जवळचा तोच शब्द असें मानावयाचें. एकच शब्द मनुष्य कधीं लांबवून उच्चारतो, कधीं तोडून. म्हणून एक तक्ता दुसऱ्यावर ताणून किंवा आंखडून बसविण्याची एक गणिती युक्ति योजावी लागते. जो आवाज सर्वच नमुन्यांहून दूर, मग तें कुत्र्याचें भुंकणें असो वा भांड्याचें पडणें, तो सोडून द्यावयाचा.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५२ सालीं 'ऑड्री' नांवाचें यंत्र तयार झालें. शून्यापासून नऊपर्यंतचे अंक तें ओळखीत असे, पण ज्या मनुष्याच्या आवाजाशीं तें जुळवून ठेवलेलें असे त्याचेच नीट. हा धडा आम्हीं वाचला होता, परंतु शिकलों नव्हतों. नमुने मीं माझ्याच आवाजांत भरले. शाळेंत घड्याळानें माझी प्रत्येक आज्ञा पाळली आणि मुलांनीं टाळ्या वाजविल्या. घरीं आईनें "किती वाजले?" म्हणून विचारलें, तों तें मुकें! "माझेंच बोलणें अस्पष्ट असेल," असें म्हणून तिनें दोष आपल्याकडे घेतला. पण दोष तिचा नव्हता. तिचे दांत गेलेले, आवाज बारीक, आणि नमुने मात्र शेवटच्या बाकापर्यंत ऐकूं जाण्यासाठीं कमावलेल्या मास्तरी आवाजाचे! मग एके दुपारीं तिच्याकडून प्रत्येक शब्द दहा दहा वेळां वदवून घेतला. दुपारीं सर्व ठीक चाललें. पहांटे पुन्हां तोच प्रकार. झोंपेंतून उठलेल्या मनुष्याचा घसा कोरडा असतो, हें आमच्या ध्यानांतच आलें नव्हतें. अखेर पांच दिवस पहांटे तिच्या उशाशीं बसून मीं तिचे शब्द टिपून घेतले. इतक्या निवांतपणें तिचें बोलणें मीं कित्येक वर्षांत ऐकलें नव्हतें.

गजर बंद करण्यासाठीं मुलांनीं 'थांब' हा शब्द सुचविला होता. तो आईला पसंत पडला नाहीं. ती म्हणाली, "जें आपल्याला उठवावयास येतें त्यालाच थांब म्हणावयाचें? आणि थांब म्हटलें कीं माणूस कूस बदलून पुन्हां निजतो. मी आपली 'उठलें' म्हणेन. माझी आई हांक मारी तेव्हां मी हेंच म्हणत असें." तेव्हां घड्याळाला 'उठलें' हाच शब्द शिकविला. एखादे दिवशीं आवाज बसला तर, म्हणून तळहातानें दाबतां येईल अशी एक मोठी कळही पेटीवर बसविली.

एवढें झालें तरी एक अडचण उरलीच. गजर चालू असतां घड्याळाला कांहींच ऐकूं येईना. मायक्रोफोन आणि स्पीकर एकाच पेटींत, त्यामुळें त्याच्या स्वतःच्या आवाजांत आईचा शब्द बुडून जाई. आम्हीं मायक्रोफोनभोंवतीं कापूस घातला, गजर हळू केला. पण तो इतका हळू झाला कीं कोणालाच उठवीना. मंडळांत दोन दिवस चर्चा चालली. मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा बोलतांना अडखळतो. तो तीनदां कांहीं सांगूं पाहत होता, आणि तिन्ही वेळां "बरें, पुढें कोण?" असें म्हणून मी दुसऱ्याकडे वळलों होतों. चौथ्या वेळीं, कां कोण जाणे, मी थांबलों. पुष्कळ प्रयासानें तो म्हणाला, "सर, घड्याळ स्वतः गप्प बसलें, तर त्याला ऐकूं येईल."

उपाय हाच होता. सहा सेकंद गजर, मग चार सेकंद मौन. त्या मौनांत घड्याळानें कान द्यावा, आणि उत्तर न आल्यास पुन्हां वाजावें. अर्ध्या तासांत ही दुरुस्ती झाली. परंतु त्या सायंकाळीं माझें मन मला खात राहिलें. वीस वर्षांच्या अध्यापनांत मी असाच किती वेळां अखंड वाजत राहिलों असेन, आणि त्या नादांत किती मुलांचीं उत्तरें बुडालीं असतील! दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलाची क्षमा मागितली. तो ओशाळून नुसता हंसला.

आईला ही हकीकत सांगतांच ती म्हणाली, "यांत नवल तें काय? बाळ शमुवेलाला हांक आली, तेव्हां हांक मारणारा प्रत्येक वेळीं थांबलाच होता. तो एकसारखा बोलत राहता, तर पोराला उत्तर द्यावयास सवड कोठली?"

तासांचे बारा आंकडे बारा मुलांनीं आपापल्या आवाजांत भरले आहेत. पांचाचा आंकडा त्या मुलानें मागून घेतला. त्याचा 'पांच' जरा थबकून येतो. आम्हीं तो तसाच ठेवला आहे, आणि आईला सर्वांत प्रिय तोच आहे. आतां मध्यरात्रीं जाग आली तरी ती अंधारांत ताटकळत बसत नाहीं. ती वेळ विचारते, आणि उत्तर ऐकून पुन्हां निजते.

विद्यार्थी मित्रहो, असें घड्याळ तुम्हांलाही करतां येईल. फक्त तें ज्याच्यासाठीं करावयाचें त्याच्या आवाजापासून आरंभ करा, आपल्या नव्हे. आणि पालकहो, सायंकाळीं मुलाला एखादा प्रश्न विचाराल तेव्हां निदान चार सेकंद थांबून पाहा. मीही वर्गांत तसें करावयास शिकत आहें. हातून अजून पुष्कळदां चूक होते, पण आतां ती ध्यानांत येते.