पट्टीत न लिहिलेली हमाली

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्या एका घरातील ही हकीकत. नातीचा पदवीदान समारंभ पुण्यात होता. आप्पा, आजी, मुलगा, सून, नात आणि नातू अशी सहा माणसे पहाटे मोटारीने निघाली. समारंभ दोन वाजता आटोपेल असा अंदाज होता. परंतु पाहुण्यांची भाषणे लांबली आणि सभागृहाबाहेर पडेपर्यंत साडेचार वाजले. दिवस हिवाळ्याचे, सूर्यास्त सहाच्या सुमारास. आजींचा चौविहार गेल्या ३० वर्षांत कधी चुकलेला नाही. त्यामुळे पदवीच्या आनंदापेक्षा घड्याळाकडेच सर्वांचे लक्ष अधिक होते.

दुपारी साडेतीन-चार ते संध्याकाळी सात ही वेळ बहुतेक मोठ्या भोजनालयांत विसाव्याची असते. दोन ठिकाणांहून ‘किचन बंद आहे’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी दार अर्धवट उघडे होते. आत दिवे मालवलेले, भिंतीलगतच्या बाकांवर दोन-तीन कामगार पाठ टेकून पडलेले, आणि कोपऱ्यातील टेबलावर काही जण नुकतीच आपली ताटे घेऊन बसलेले. त्यांतील २२-२३ वर्षांचा एक मुलगा दारातील वृद्ध दांपत्य पाहून उठला. “सातला सुरू होतं,” असे तो म्हणाला खरा; पण आजींनी “सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं रे बाळा” एवढेच सांगितले आणि त्याने हातातील घास ताटात ठेवला.

पुढची १० मिनिटे तो आत आचाऱ्याची मनधरणी करीत होता. परत आला तेव्हा त्याने प्रश्न विचारले नाहीत, उलट स्वतःच सांगितले, “कांदा, लसूण, बटाटा, गाजर काही नाही. आलंही घालायचं नाही म्हणून सांगितलंय. तवा वेगळा धुऊन घेतलाय.” मुगाची डाळ, दुधीची भाजी, फुलके आणि भात असा साधा बेत २५ मिनिटांत टेबलावर आला. आजींना उकळलेलेच पाणी लागते. ते गरम पाणी लवकर निवावे म्हणून तो मुलगा दोन तांब्यांतून कितीतरी वेळ वरखाली करीत उभा राहिला. आजींनी शेवटचा घोट घेऊन हात जोडले तेव्हा सूर्यास्ताला आठ मिनिटे अवकाश होता.

मग बिल आले. जेवण ३,००० रुपये, त्यावर १० टक्के सेवाशुल्क ३०० रुपये, आणि ३,३०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी १६५ रुपये. एकूण ३,४६५ रुपये. मुलगा हिशेबाला पक्का. सेवाशुल्क हा सरकारी कर नव्हे, हे त्याला ठाऊक होते. पूर्वीचा सेवाकर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हाच इतिहासजमा झाला. सेवाशुल्क मात्र मालकाने स्वतः लावलेली रक्कम असते आणि ती बिलात मिळवली की तिच्यावर करही भरावा लागतो. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढून अशी रक्कम आपोआप बिलात लावण्यास मनाई केली. उपाहारगृहांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, परंतु २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना वैध ठरवल्या. हे सारे त्याने वर्तमानपत्रात वाचले होते आणि ते त्याने मोठ्या आवाजात सांगितले.

काउंटरवरचा व्यवस्थापक जागचा हलला नाही. बिल घेऊन तो मुलगाच तीन वेळा टेबलापासून काउंटरपर्यंत आणि परत असा फिरला. अखेर दुरुस्त बिल आले: ३,००० अधिक १५०, एकूण ३,१५० रुपये. मुलाने मोबाइलवरून रक्कम भरली, पैसे जमा झाल्याचा आवाज काउंटरवर उमटला, आणि कुटुंब गाडीत बसले. “३१५ रुपये वाचवले!” मुलगा म्हणाला. त्याचे म्हणणे कायद्याने पूर्णतः योग्य होते.

खंबाटकीचा घाट येईपर्यंत गाडीत समारंभाच्याच गप्पा चालल्या होत्या. घाटाच्या चढावर आजींनी सहज विचारले, “त्या मुलाला काय दिलं?”

कोणीच बोलेना. सुनेला वाटले होते, सासऱ्यांनी दिले असेल. आप्पांना वाटले होते, मुलाने दिले असेल. मुलाच्या खिशात तर सुटे पैसेच नव्हते. गेली कित्येक वर्षे तो रोकड बाळगत नाही. पूर्वी बडीशेपेच्या वाटीसोबत उरलेली नाणी आणि नोटा परत येत, त्यांतल्या काही तबकातच ठेवून माणूस उठे. त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नसे. आता रक्कम पैशापैशाने चुकती होते, ती थेट मालकाच्या खात्यात जाते, आणि वाढणाऱ्याचा हात या व्यवहारात येतच नाही.

“त्याला पगार असतो की,” मुलगा म्हणाला. “आणि हे काही अमेरिका नाही.”

त्याच्या बहिणीचे घर न्यू जर्सीत आहे, म्हणून अमेरिकेचा विषय निघाला. तेथे जेवणाच्या बिलावर १५ ते २० टक्के टीप देणे हा जवळजवळ नियमच मानला जातो. त्याचे कारण तेथील वेतनाच्या पद्धतीत आहे. टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे किमान रोख वेतन तेथील केंद्रीय कायद्यानुसार १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर एवढेच आहे. टीप धरूनही सर्वसाधारण किमान वेतन भरले नाही, तर फरक मालकाने द्यायचा. काही राज्यांनी हा आकडा वाढवला आहे. तरीही तेथे टीप हा पगाराचाच एक भाग होऊन बसला आहे. आपल्याकडे तसे नाही, हे मुलाचे म्हणणेही बरोबरच होते.

परंतु नात म्हणाली, “पप्पा, त्याच सूचनांमध्ये हेही आहे की जेवण झाल्यावर ग्राहकानं स्वतःच्या इच्छेनं टीप द्यावी की नाही, ते त्यानं ठरवायचं. आपण सक्ती नाकारली ते ठीक. पण मग इच्छेचं काय झालं?”

आप्पा खिडकीबाहेर पाहत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे पेढीवरील पट्ट्या येत होत्या. अडतीच्या धंद्यात पोते उतरवणाऱ्याचे आणि तोलणाऱ्याचे श्रम कोणाच्या मर्जीवर सोडलेले नसतात. पट्टीत हमाली आणि तोलाई यांची स्वतंत्र ओळ असते. माथाडी कामगारांसाठी अण्णासाहेब पाटलांनी चळवळ उभारली आणि १९६९ साली महाराष्ट्राने त्यांच्यासाठी कायदा केला. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही माथाडी मंडळात भरायची आणि मंडळाने ती कामगारापर्यंत पोचवायची, ही व्यवस्था त्यातून आली. लेव्हीबद्दल व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, आप्पांनीही केली. पण रक्कम कोठून निघाली आणि कोठे पोचली हे वहीत दिसत असे. शिवाय दिवाळीत हमालांना पोस्त देण्याची त्यांच्या वडिलांची रीत होती. ती मात्र मंडळामार्फत नव्हे, पेढीच्या पायरीवर, हातात, विचारपूस करून दिली जाई.

हॉटेलच्या बिलावरील सेवाशुल्काची ओळ हमालीच्या ओळीसारखीच दिसते. पण ती रक्कम मालकाच्या खात्यात जमा होते आणि तिच्यातील किती वाटा वाढणाऱ्याला मिळतो, हे बिलावर कोठेही लिहिलेले नसते. म्हणून ती नाकारण्यात गैर काही नव्हते. पण नाकारल्यानंतर हमाली देणे बाकी राहिले होते. उपाशी ताटावरून उठलेल्या माणसाचे ते श्रम होते. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर, नावे टाकायची एक रक्कम कुटुंबाने जमेला धरून आनंद मानला होता.

२० दिवसांनी आप्पांना डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्यास यावे लागले. ते त्या भोजनालयात सकाळी ११ वाजता गेले. ना गर्दीची वेळ, ना विसाव्याची. मुलगा टेबलांवर कागदी रुमाल घड्या घालून ठेवीत होता.

“ओळखलंस का रे?”

“आजींचं पाणी निववलं होतं ना? ओळखलं की काका. आजी बऱ्या आहेत?”

आप्पांनी पाकीट पुढे केले. आत ५०० रुपये होते. “त्या दिवशी द्यायचं राहून गेलं.”

मुलाने ते लगेच घेतले नाही. “काका, टीपचं काही नाही. कोणी देतं, कोणी देत नाही. पण त्या दिवशी साहेब मला म्हणाले, ‘तुम्ही लोक लुटता.’ तो चार्ज मी लावतो का? वर मॅनेजरही ओरडले, की वेळ नसताना गिऱ्हाईक कशाला घेतलं म्हणून.”

आप्पांपाशी उत्तर नव्हते. ते वाक्य त्यांनीही त्या संध्याकाळी ऐकले होते. ते हॉटेलला उद्देशून आहे असे त्यांना वाटले होते. परंतु हॉटेल काउंटरमागे बसले होते. वाक्य ऐकायला समोर उभा होता तो हा मुलगा. “चुकलं आमचं,” एवढेच ते म्हणाले.

मुलाने पाकीट घेतले आणि काउंटरजवळच्या पत्र्याच्या डब्यात त्यातील नोट टाकली. आप्पांनी विचारले तेव्हा त्याने समजावले: रोख टीप सगळी या डब्यात जाते. रात्री दुकान बंद झाल्यावर वाटे होतात. वाढणारे, टेबल पुसणारी पोरे, भांडी घासणाऱ्या मावशी, आचारी, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. “त्या दिवशी तुमचे फुलके आचाऱ्यानं जेवण सोडून केले होते. त्यालाही मिळायला पाहिजे.” सेवाशुल्कातले काय मिळते, असे विचारताच तो हसला. “पगारातच धरलंय म्हणतात.”

रात्री सांगलीत परतल्यावर आप्पांनी मुलाला सारे सांगितले. मुलगा बराच वेळ कॅल्क्युलेटरशी चाळा करीत बसला. पेढीवर ‘व्यापारी लुटतात’ असे कोणी दिवाणजीला बोलले की त्याला किती राग येतो, हे त्याला कोणी आठवण करून द्यावे लागले नाही. पुढच्या महिन्यात वसुलीसाठी पुण्यास गेला तेव्हा तो मुद्दाम वाट वाकडी करून त्या भोजनालयात गेला. तो मुलगा तेथे नव्हता. गावी गेला, की दुसऱ्या हॉटेलात लागला, हे कोणालाच नीट सांगता आले नाही. मोबाइल क्रमांक असलेला सोबतीही सुट्टीवर होता. पैसे पोचले होते. मुलाने स्वतः बोलायचे दोन शब्द मात्र पोचायचे राहिले ते राहिलेच.

तेव्हापासून त्या घरात काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. बाहेर जेवायला बसण्यापूर्वीच सेवाशुल्क लावता का, हे विचारायचे, आणि विचारायचे ते व्यवस्थापकाला. तरीही बिलात ते आले तर काउंटरपर्यंत स्वतः चालत जायचे, शांतपणे काढून मागायचे. न ऐकल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वाढणाऱ्याला त्या वादात मध्ये घ्यायचे नाही. आपल्या नियमाचे जेवण हवे असेल तर आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी फोन करून सांगायचे. आपला नियम पाळला जावा यासाठी दुसऱ्याचे ताट अर्धवट राहू नये. टीप किती द्यावी याला टक्केवारी ठरवलेली नाही. साध्या सेवेला साधी, आणि कोणी आपल्यासाठी वाट वाकडी केली असेल तर त्या मानाने. ती मात्र रोख, हातात आणि त्याच्या तोंडाकडे पाहून. काम चांगले झाले असेल तर ते मालकाच्या कानावर घालायचे, कारण तक्रार सांगायला सगळे जातात.

सुनेच्या पर्समध्ये आता ५० रुपयांच्या नोटांची एक लहान चळत रबर लावून ठेवलेली असते. नातू तिला ‘हमाली खाते’ म्हणतो. परवा कराडजवळ नाष्टा करून सर्व जण उठले, मुलाने मोबाइल काढून बिल भरले आणि तो गाडीची किल्ली शोधू लागला. आजी मात्र खुर्चीवरून उठल्या नाहीत.

“दिलं का?” त्यांनी विचारले.

मुलगा मागे वळला आणि टेबल पुसणाऱ्या पोराकडे गेला.