मधलें दार

अंगावरची जखम भरते. सागाला पडलेलें भोंक भरून येत नाहीं. अमरावतीच्या आमच्या घराची वाटणी झाली, तेव्हां मधल्या दाराला कुलूप बसवावें लागलें. दार मेळघाटच्या सागाचें. पूर्वीं सुतार सामत्याची दोरी ओढून भोंक पाडीत. या सुतारानें विजेच्या ड्रिलला वाटीसारखी दांतेरी करवत लावली. ती नुसती टेकविली तर भरकटते. मधलें बारीक पातें आधीं रुतावें लागतें. त्याचें टोंक पलीकडे दिसतांच सुतार थांबला आणि उरलेलें काम धाकट्या भावाच्या खोलींतून त्यानें पुरें केलें. एकाच बाजूनें रेटलें, तर शेवटच्या दाबासरशी पलीकडचें लाकूड फाटतें. लाकूड जपण्याची ही रीत वाटणीच्या कागदांत मात्र कोणी लिहीत नाहीं.