काही असेल तर सांगा

मराठीत नोकरी ‘लागते’. मिळते असंही आपण म्हणतो, पण शेजारी बातमी सांगताना तोंडात येतं ते ‘पोराला नोकरी लागली’. भूक लागते, ठेच लागते, लॉटरी लागते, त्याच रांगेतलं हे क्रियापद. व्याकरणाच्या हिशेबाने इथे कर्ता नोकरी आहे. माणूस बिचारा चतुर्थीत हात जोडून उभा. म्हणूनच की काय, नोकरी लवकर कशी लागेल या प्रश्नाला आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दोनच उत्तरं होती: नशीब लागतं, नाहीतर वशिला लागतो. तिसरं उत्तर अलीकडचं, अर्ज वाढवा. मग माणूस रात्री बारापर्यंत जॉब पोर्टलं चाळतो, तोच बायोडेटा शंभर ठिकाणी टाकतो आणि एकाही ठिकाणाहून उत्तर न आल्याने स्वतःच्या लायकीवरच संशय घेऊ लागतो. या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट निसटते. रिकामी जागा ही आधी बातमी असते, जाहिरात तिची नंतर होते, कधी होतही नाही. ती बातमी आपल्या कानावर किती लवकर येते, यावर शोधाचा बराचसा वेळ ठरतो. आणि ती आणणारी माणसं सहसा आपल्या जवळची नसतात.

हे शेवटचं विधान उलटं वाटेल, पण त्याला आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकती नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की या जागेबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं? निम्म्याहून अधिक जणांना ती ओळखीतून कळली होती. पण ओळख कशी? ज्यांना ओळखीतून कळलं, त्यांच्यापैकी सांगणाऱ्याला वरचेवर भेटणारे जेमतेम 17 टक्के. सुमारे 56 टक्क्यांची भेट अधूनमधून व्हायची आणि 28 टक्क्यांची वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी. 1973 साली त्याने हे मांडलं तेव्हा कारणही दिलं, आणि ते कारण आकड्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. आपले जिवलग एकमेकांनाही ओळखतात, एकाच कट्ट्यावर बसतात, एकाच ग्रुपवर असतात. त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असतं. जुन्या कंपनीतला वरच्या मजल्यावरचा माणूस, क्लासमधला मागच्या बाकावरचा, मावसबहिणीचे दीर, ही माणसं वेगळ्या पाण्यात पोहतात, म्हणून त्यांच्या जाळ्यात वेगळे मासे येतात. पुढे 2022 साली लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांचा पाच वर्षांचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. त्यानेही हेच म्हटलं, फक्त एक दुरुस्ती करून: अगदीच विरळ ओळखही तितकी उपयोगाची नाही, मध्यम पातळ ओळख सर्वांत कामाची. शिवाय हे संगणकावर चालणाऱ्या क्षेत्रांत जास्त खरं. जिथे तसं काम कमी, तिथे जवळचीच ओळख अधिक उपयोगी पडते. ही मर्यादा मान्य करूनच पुढे जायला हवं.

जवळच्या ओळखीचं बळ आणि तिचा घात, दोन्ही मुंबईतल्या आपल्या गिरणगावाने पाहिलेत. गिरणीत माणूस लागायचा तो जॉबरच्या, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाच्या हातून. कोकणातून नाहीतर घाटावरून आलेला पोरगा गावकीच्या खोलीत वळकटी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि गाववाल्याच्या शब्दावर बदली कामगार म्हणून सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. जॉबर दस्तुरी खायचा, मनमानी करायचा, हे खरंच. पण परक्या शहरात आलेल्या माणसाला काम मिळायला याहून जवळचा रस्ता नव्हता. आता 18 जानेवारी 1982 नंतरचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सुमारे अडीच लाख कामगार संपावर. ज्या खोलीने नोकरी लावली, त्या खोलीतले सगळेच आता बेकार. चुलता गिरणीत, मेहुणा गिरणीत, खानावळीत शेजारी जेवणाराही गिरणीतच. गिरण्या बुडण्याची कारणं वेगळी आणि पुष्कळ आहेत, त्यांचा दोष कामगारांच्या ओळखींवर टाकणं अन्याय होईल. पण बुडत्याला हात द्यायला काठावर कुणीच नव्हतं, कारण सगळे एकाच होडीत बसलेले. आज एकाच आयटी पार्कात दहा वर्षं काढलेल्या, तिथलेच मित्र आणि तिथलेच शेजारी असलेल्या माणसाची कपातीच्या दिवशी वेगळी अवस्था होत नाही.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं वशिल्याचंच गोंडस नाव झालं. आक्षेप हलका नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले होते. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. जाहिरातीच्या उघड्या दारातही आडनाव आधी वाचलं जात असेल, तर ओळखीच्या मागच्या दाराने काय होत असेल? ओळखी वारशाने येतात, त्या सगळ्यांना सारख्या मिळत नाहीत, हे कबूलच केलं पाहिजे. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. वशिला म्हणजे निर्णय फिरवणं. बातमी म्हणजे दार कुठे आहे ते कळणं. पहिल्यात दुसऱ्याचा हक्क जातो, दुसऱ्यात मुलाखत आपल्यालाच द्यायची असते. आणि ज्याच्याकडे वारशाच्या ओळखी नाहीत, त्याला तर पातळ ओळखींचीच गरज जास्त. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांचा केलेला अभ्यास इथे आठवतो. कष्टकरी जातींतले मुलगे जातीच्या ओळखीने मिळणाऱ्या कामांकडे बघत मराठी माध्यमात राहिले. मुलींसाठी तशी वाट नव्हतीच, म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे झपाट्याने वळल्या आणि नव्या नोकऱ्यांच्या दिशेने निघाल्या. घट्ट जाळं झेलतं तसं अडकवतंही. ओळखीशिवायही बातमी पोचावी म्हणून सरकारने उपाय केला नाही असंही नाही. 1959 च्या कायद्याने ठरावीक मालकांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायची सक्ती केली. सक्ती कळवायची होती, तिथूनच माणूस घ्यायची नव्हती. त्या कार्यालयाचं कार्ड जपून ठेवलेली घरं महाराष्ट्रात कमी नसतील.

खरी अडचण मला वेगळीच दिसते, ती लाजेची. नोकरी लागली की पेढे, सुटली की गुपचूप. ‘सध्या वर्क फ्रॉम होम चालू आहे’ हे वाक्य कितीतरी घरांत महिनोन्‌महिने तग धरून असतं. सांगायचंच झालं तर सख्ख्या भावाला, म्हणजे नेमकं त्यालाच, ज्याच्याकडे नवी बातमी असण्याची शक्यता सर्वांत कमी. आणि लपवण्याची किंमत वेळात मोजावी लागते. अमेरिकेत काल्पनिक अर्ज पाठवून केलेल्या एका अभ्यासात (तो 2013 साली छापून आला) बेकारीचा काळ लांबेल तशी बोलावणी घटत गेली, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. लाज सोडणारेही बहुधा चुकीचा निरोप पाठवतात: ‘काही असेल तर सांगा, कुठलंही चालेल.’ वाचणाऱ्याला वाईट वाटतं, तो ‘नक्की’ लिहितो, आणि मनापासून विसरतो. कारण ‘कुठलंही’ हे डोक्यात ठेवायला जागाच नसते. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘आठ वर्षं औषध कंपनीत खरेदी विभाग सांभाळला, टेंडर आणि जीएसटीचं काम स्वतः केलं. ठाणे ते पनवेल कुठेही चालेल. तुमच्याकडे खरेदी कोण बघतं, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का?’ यात नोकरी मागितलेली नाही, म्हणून समोरचा अवघडत नाही. नाव विचारलंय, आणि नाव सांगायला कुणाचं काही जात नाही. पुढच्या आठवड्यात कँटीनमध्ये खरेदीवाल्यांची ओढाताण कानावर आली, की हा निरोप त्याला आपोआप आठवतो.

गरज पडली की आठवण काढता, असं कुणी म्हणेलही. म्हणू द्या, त्याच्यावर वेळ येईल तेव्हा तोही आपल्याला शोधत येईल. अर्ज थांबवायची गरज नाही, पण रोजच्या वीस अर्जांतले पंधरा कमी करून तो वेळ फोनमधल्या नावांना द्या. पाच वर्षांत ज्यांच्याशी बोलणं झालेलं नाही, तिथून सुरुवात करा.