३०६० की ४०६०? भिशीच्या पैशांचा हिशेब

शाळेत निकालाच्या दिवशी बहुतेक पालक गुणपत्रिकेच्या तळाचा टक्क्यांचा आकडा बघतात आणि कागदाची घडी घालतात. कोणत्या विषयात किती पडले हे विचारणारे थोडे. गेला महिनाभर मी ज्या गुणपत्रिका वाचतोय त्या मुलांच्या नाहीत, कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डांच्या आहेत. तिथेही दुकानदार आपल्याला तळाचाच आकडा दाखवतो.

माझा भाचा थ्री-डी अॅनिमेशन शिकतो, ब्लेंडरवर काम करतो. त्याला कार्ड हवं होतं आणि पैसे होते आपाच्या भिशीचे. आपा शिवणकाम करून दर महिन्याला भिशी भरते, यंदा तिचा नंबर लागला. थोडे पैसे मी घालणार होतो, त्याचं कारण पुढे येईल. निवड दोघांतली होती: एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० किंवा आरटीएक्स ४०६०. यातले पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे ६० त्या पिढीतला दर्जा. म्हणजे दोन्ही एकाच इयत्तेतली, फक्त बॅच वेगळी. ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, जाहीर किंमत ३२९ डॉलर. ४०६० जून २०२३ मध्ये आलं, २९९ डॉलरला. भाचा म्हणाला, "मामू, नया है, सस्ता है, फिर सोचना कायकू?"

मी म्हटलं, आधी विषयवार गुण बघू.

कार्डाच्या चिपमध्ये हजारो छोटे हिशेबनीस असतात, त्यांना कोअर म्हणतात. ३०६० मध्ये ते ३५८४ आणि ४०६० मध्ये ३०७२. जुन्यात जास्त! पण जुन्यातला हिशेबनीस सेकंदाला १.७८ अब्ज ठोक्यांपर्यंत जातो, नव्यातला २.४६ अब्ज. सातवीतलं पोरही हा गुणाकार करेल: ३५८४ गुणिले १.७८ म्हणजे सुमारे ६३८० आणि ३०७२ गुणिले २.४६ म्हणजे सुमारे ७५५७. नवं साधारण १८ टक्के पुढे. गंमत म्हणजे साध्या १०८० रिझोल्यूशनच्या गेममध्ये दोघांतला फरकही साधारण याच आसपास दिसतो. जाहिरातीतले आलेख मात्र नव्याला फार पुढे दाखवतात. त्याचं कारण फ्रेम जनरेशन. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र कार्ड स्वतः कल्पून घालतं. ही सोय ४०च्या पिढीला आहे, ३०च्या पिढीला कंपनीने दिली नाही. गेम खेळताना ती छान दिसत असेल, पण ब्लेंडरमध्ये रेंडर लावला की प्रत्येक फ्रेम खरीखुरी मोजावीच लागते. तिथे कल्पनेचा उपयोग नाही. तरीही, खरं सांगायचं तर, रेंडरच्या शर्यतीतही ४०६० पुढेच असतं.

मग मेमरी. इथे मी बराच वेळ अडलो. ३०६० कडे १२ जीबी, ४०६० कडे ८. समजा दावत आहे. मेमरी म्हणजे दस्तरख्वान, आणि मेमरीचा बस म्हणजे देगेपासून तिथपर्यंत ताटं नेणाऱ्यांची रांग. जुन्यात ही रांग १९२ बिट रुंद, सेकंदाला ३६० जीबी माल नेणारी. नव्यात १२८ बिट आणि २७२ जीबी. कंपनीने याची भरपाई म्हणून नव्या चिपच्या पोटातच मोठं कोठार दिलं, एल-टू कॅश ३ एमबीवरून २४ एमबी केली, म्हणजे वारंवार लागणारी गोष्ट आणायला देगेपर्यंत जावंच लागत नाही. युक्ती चांगली आहे, आणि वेगापुरती चालतेही. पण कोठार मोठं केल्याने दस्तरख्वान लांब होत नाही. पाहुणे जास्त आले तर आठ जीबीत आठच जीबी बसणार. उरलेल्यांना अंगणात, म्हणजे कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये बसवावं लागतं. मग काम रखडतं, नाहीतर मेमरी संपल्याचा निरोप देऊन थांबतं.

त्यात आणखी एक गोष्ट. ४०६० मदरबोर्डशी आठच लेनने बोलतं, ३०६० सोळाने. मदरबोर्ड नवा असेल तर फरक जाणवणार नाही. भाच्याचा बोर्ड पीसीआयई ३ पिढीचा, तिथे प्रत्येक लेन निम्म्या वेगाची. म्हणजे अंगणात जायची वाटसुद्धा अरुंद.

नव्याच्या बाजूने सर्वात जड मुद्दा विजेचा. ३०६० पूर्ण कामात १७० वॅट घेतं, ४०६० फक्त ११५. फरक ५५ वॅटचा. रोज पाच तास रेंडर धरला तर महिन्याला सुमारे ८ युनिट. आपाच्या घरात हा आकडा लहान नाही, म्हणून तिच्यासमोर मांडला. ती म्हणाली, "मशीन पे काम निकलता होगा तो बिल मैं देख लूँगी."

आता माझ्या वाट्याचं कारण. अम्मीच्या गोष्टी मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत, तिच्या दखनीत. व्हिस्पर नावाचं मोफत मॉडेल आवाज ऐकून लिहून देतं, उर्दू आणि मराठी दोन्ही. घरची बोलणी बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायची नाहीत, म्हणून ते घरच्या मशीनवर चालवायचं. त्याच्या मोठ्या मॉडेलला मूळ रूपात सुमारे १० जीबी मेमरी लागते. कमी जागेत बसणाऱ्या आवृत्त्या निघाल्या आहेत, त्यामुळे ८ जीबीवर हे होणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण भाच्याचे सीन दर महिन्याला मोठे होताहेत आणि हे कार्ड चार-पाच वर्षं बदलणार नाही. संथ कार्ड रात्रभर चालवता येतं. आखूड दस्तरख्वान वाट बघून लांब होत नाही.

१२ जीबीचं ३०६० ठरलं. तरी एका दुकानात त्याच नावाचा, स्वस्त सांगितलेला डबा पुढे आला, त्यावर बारीक अक्षरात ८ जीबी. ३०६० ची अशी आवृत्ती खरंच आहे, २०२२ मध्ये आलेली: कोअर तेवढेच, पण बस १२८ बिट आणि वेग २४० जीबी. म्हणजे रुंदी ४०६० एवढीच, वेग त्याच्यापेक्षाही कमी, आणि मोठं कोठारही नाही. नाव मात्र तेच. तुम्ही घ्यायला गेलात तर नाव वाचून थांबू नका, डब्यावरचा जीबीचा आकडा बोट ठेवून वाचा.

कार्ड बसलं. दिवसा त्यावर भाच्याचे रेंडर, रात्री अम्मीच्या गोष्टी. व्हिस्परच्या यादीत दखनी नाही, त्याला ती उर्दू म्हणूनच ऐकवावी लागते. त्यामुळे अम्मी 'नक्को' म्हणते तिथे तो काहीही लिहितो. ते मी हाताने दुरुस्त करतो.