धारपांची आजी आणि मी

आमच्या वन्सं पुण्याहून रोज रात्री नऊला फोन करतात. हे गेल्यापासून एक दिवस चुकला नाही. जेवलात का, दार लावलंत का, काय वाचताय, असे तीन प्रश्न ठरलेले. परवा तिसऱ्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. "नारायण धारप."

पलीकडे शांतता. मग, "अहो वहिनी, एकट्या राहता, आणि रात्री भुताखेतांची पुस्तकं?"

तर मंडळी, हा खुलासा वन्संसाठी आणि तिच्याकडून बातमी कळलेल्या समस्त नातेवाइकांसाठी.

हे गेल्यावर भेटायला येणाऱ्यांनी पुस्तकं आणली. ज्ञानेश्वरी दोन, दासबोध एक, आत्मा कुठे जातो हे सांगणारी पाच. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय वर्गात रंगून शिकवला. तिच्याबद्दल काय बोलणार? पण आत्म्याचा पत्ता सांगणारी ती बाकीची पुस्तकं वाचताना मला हसू येई, आणि त्या दिवसांत हसणं बरं दिसत नव्हतं. असो.

धारप घरात आले ते नातवामुळे. 'तुंबाड' 2018 साली आला तेव्हा तो लहान होता, 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा मित्रांबरोबर पाहून आला. म्हणाला, "आजी, त्यातली भयंकर म्हातारी धारपांच्या कथेवरून सुचलीय. कथेचं नावच 'आजी' आहे!" आता असं म्हटल्यावर मी वाचल्याशिवाय राहीन का? धारपांनीही ती कल्पना स्टीफन किंगकडून घेतलेली. घरात एकटा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी. बस्स, एवढ्यावर अंगावर काटा.

सगळी दुनिया ती गोष्ट मुलाच्या बाजूने वाचते. मी वाचली आजीच्या बाजूने. मला आधी वाटलं, अरे, तिला कुणी चहा विचारला का? एकटीच मोठ्याने हसले. ह्यांच्यानंतर तसं पहिल्यांदाच.

आणि मग हसू थांबलं. ह्यांचे शेवटचे आठ महिने आतल्या खोलीत, खाटेवर गेले. ती औषधांची वासट हवा, रात्री मधेच येणारी घरघर. आपलंच माणूस, पण दिवे मालवल्यावर त्या खोलीकडे जाताना पाय जरा जड व्हायचे. हे कुणाला सांगणार? सेवा करणाऱ्या बाईने असलं बोलायचं नसतं. धारपांच्या गोष्टीत ते लिहिलेलं होतं, फक्त जादूटोण्याचा मुखवटा लावून.

नातवाला फोनवर म्हटलं, वाचली रे तुझी आजी. बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "मला आजोबांच्या खोलीत जायची भीती वाटायची. म्हणून मी यायचो नाही." मी म्हटलं, मलाही वाटायची. दीड वर्षात आमचं आजोबांबद्दल झालेलं हे पहिलं बोलणं. पाऊण तास चाललं. आत्म्यावरच्या पाच पुस्तकांना हे जमलं नव्हतं.

त्यानंतर मी सुटलेच. ह्यांचं हिराचंद नेमचंद वाचनालयाचं जुनं कार्ड कपाटात सापडलं, पण मी नवं काढलं. 'शपथ' चार रात्रींत संपवली. लहानपणी एका भयानक गोष्टीशी झुंजलेली मुलं मोठी झाल्यावर पुन्हा एकत्र येतात. हेही मूळ किंगचंच, 1986 सालचं 'इट'. पण मला सगळ्यात लाडके समर्थ आणि त्यांच्या कथा सांगणारे अप्पा जोशी. अप्पा आपल्यासारखेच घाबरतात. जगबुडीची वेळ आणि माणसं आपली मध्यमवर्गीय! समर्थ येतात, शांतपणे बघतात आणि काय झालंय ते सांगतात. दवाखान्याच्या बाकावर बसून मी अशाच एखाद्या माणसाची वाट बघत होते. तिथे रोज वेगळा डॉक्टर आणि नवा रिपोर्ट. धारपांच्या जगात अभद्राला निदान काही कारण असतं, नियम असतात. पुष्कळदा उतारा असतो.

वन्सं, भुतांवर माझा विश्वास बसेल ही काळजी सोडा. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. विश्वास नाही म्हणूनच तर मजा येते. विश्वास असता तर दिवा लावून बसले असते.

धारप 2008 साली गेले. शंभरावर पुस्तकं मागे ठेवून गेलेत, म्हणजे माझी काही वर्षांची सोय झाली.

मे महिन्यात नातू येतोय. 'लुचाई' मोठ्याने वाचायची ठरलीय, एक प्रकरण त्याने, एक मी. बसायचं आजोबांच्या खोलीत. सोलापूरचा उन्हाळा आहे, आणि कूलर तिथेच लावलाय.