नाव घ्यायचं कुणी?

आमच्या आजोबांना घरात नाव नव्हतं. कागदोपत्री असणारच, पण आम्हां तेरा चुलत भावंडांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. मुलगे त्यांना आबा म्हणायचे, आजी 'अवो' म्हणायची, गावात ते 'वरल्या आळीचे आबा'. आमच्या आया आणि काकू 'मामंजी' म्हणायच्या, तेही ते शेताकडे गेल्यावर. समोर असले तर नुसत्या बांगड्या वाजायच्या. आबा गेले आणि उत्तरकार्याचं छापील कार्ड घरात आलं, त्यावर आम्ही त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं. क्षणभर वाटलं, छापखान्यानं चुकून दुसऱ्याच कुणाची कार्डं पाठवली.

कराडच्या खाली कृष्णेकाठचं आमचं गाव. सोप्यात रात्री वाकळी पसरल्या की कोण कुणाचं हे ओळखू यायचं नाही. तेरा डोकी एका रांगेत आणि पायथ्याला एखादं मांजर. थोरल्या काकूनं हाक मारली तर कुणीही 'ओ' द्यायचं. पण हाका मारण्याचीच तर अडचण होती. मोठं माणूस गेल्यावर जो पहिला मुलगा घरात जन्मेल त्याला त्याचं नाव ठेवायची रीत. मग सुनेनं पोटच्या पोराला सासऱ्याच्या नावानं हाक मारायची कशी? आमच्यातला एकजण पणजोबांचं नाव घेऊन आला आणि त्याची आई आयुष्यभर त्याला 'म्हातारा' म्हणत राहिली. "म्हाताऱ्या, दूध सांडलंस तर बघ!" तेव्हा म्हातारा चार वर्षांचा होता. शाळेत गुरुजींनी हजेरी घेताना खरं नाव पुकारलं, तर हा खिडकीबाहेर बघत बसलेला. शेजारच्या पोरानं ढोसलं तेव्हा उठला.

आजीच्या एका दिराच्या नावात 'राम' होता. त्यामुळे तिच्या लेखी रामफळ हे 'ते दुसरं सीताफळ' आणि रामनवमी म्हणजे 'सुंठवड्याचा दिस'. आम्ही मुद्दाम तिला कोड्यात पकडायचो. ती कधी सापडली नाही. नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात घेता येतं, सासरा-दिरांसाठी तीही सोय नाही.

वर्षातून एक दिवस मात्र ही नावं उघड्यावर यायची. सुगी उरकली की भल्या पहाटे आळीच्या तोंडाला घंटा वाजायची. हेळवी यायचा, बैलावर बसून. पायउतार न होता तो दारासमोर उभा राहायचा आणि आमच्या घराण्याचं मूळ गाव, कुलदैवत, मग पिढ्यांमागून पिढ्या मोठ्यानं म्हणायचा, एका दमात. सोप्यातली पुरुष माणसं मान डोलवायची. माजघराच्या दाराआड आजी आणि तिन्ही सुना पदर सावरून उभ्या असायच्या. ज्या नावांना त्यांनी जन्मभर वळसा घातला ती अंगणात ओळीनं उभी राहायची आणि त्यात त्यांच्या जिभेचा काही दोष नसायचा. मग आजी सुपातून जोंधळे घालायची. थोडे जास्तच घालायची, असं आज वाटतं. आमचं लक्ष बैलाच्या घुंगरांकडे. पुढं कधीतरी हेळवी यायचा बंद झाला आणि तो बंद झाला हेही आम्हांला फार उशिरा लक्षात आलं.

मराठा आरक्षणाच्या मागणीतून २०२३ च्या हिवाळ्यात गावोगाव जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्यायमूर्ती शिंदे समिती त्याआधीच नेमली गेली होती, कचेऱ्यांतले रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. आमच्याही घरात एका पुतण्याच्या दाखल्यासाठी वंशावळ हवी होती. नोंद सापडली की नाही, हा या लेखाचा विषय नाही. म्हातारा (आता खरोखरच नातवंडांचा धनी झालेला) आणि मी कामाला लागलो. पत्र्याच्या पेटीतले उतारे काढले आणि तिथंच अडलो.

जमिनीच्या कागदाला माणसाचं प्रेम नसतं, त्याला हिश्शाची काळजी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा आला १९०३ साली. पुढच्या फेरफारांत आमचं घराणं दिसतं ते कुणीतरी मेल्यावरच. 'अमका मयत, वारस मुलगे तमके', आणि पुढं कर्त्या भावाच्या नावाला 'ए.कु.मॅ.' असं शेपूट. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर! बैलाच्या शेपटीशी आयुष्य गेलेल्या माणसाला सरकारनं दिलेला हा हुद्दा वाचून आम्ही पोट धरून हसलो. पण नातवाला आजोबाचं नाव, त्याच्या नातवाला पुन्हा तेच, त्यामुळे 'अमुक बिन तमुक' आणि 'तमुक बिन अमुक' अशी शिडीच लागलेली. कोणत्या पायरीवर उभे आहोत तेच कळेना.

गाव नमुना चौदाची, म्हणजे जन्ममृत्यूची, जुनी पानं पाहिली. तिथं बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. नोंद जन्मानंतर लगेच व्हायची, बारसं पुढं. त्यामुळे जन्मलेलं मूल कोणतं आणि जगलेलं कोणतं याचा मेळ आपणच घालायचा. शाळेच्या दाखल्यांचा आधार घ्यावा तर आम्हां तेरापैकी नऊजणांचा जन्म एक जूनचा. गुरुजी शाळा सुरू व्हायच्या बेतानं आम्हांला जन्माला घालून मोकळे झाले होते.

नावांतूनच थोडं काही उलगडत गेलं. एका पिढीत दगडू, धोंडी, भिकू असे तिघे पाठोपाठ. ही नावं कुणी हौसेनं ठेवत नाही. आधीची मुलं हाताला लागत नाहीत म्हटल्यावर दैवाची दृष्ट चुकवायला ठेवतात. त्या तीन नावांमागं किती पाळणे रिकामे झाले ते चौदा नंबरात मोजता येतं, आम्ही दोन पानांवर मोजणं थांबवलं. मुलींच्या बाबतीत उलटं. मुली पुरे झाल्या की नकुसा. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेंहून अधिक मुलींची नावं सरकारी समारंभात बदलली. आमच्या घरातली नकुसा त्याच्या फार आधी तेच नाव घेऊन गेली.

सगळ्या कागदांत बाई भेटली ती एकच. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, दसरा-दिवाळीच्या सुमारास, पणजोबा गेले. पुढच्या वर्षीच्या फेरफाराला दोन लहान मुलांची नावं आणि त्यांच्यापुढं 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ती. तिचं नाव तिथं आहे. मुलं सज्ञान झाली तसं पुढच्या फेरफारात ते गेलं. मधल्या बारा-तेरा वर्षांत सगळं रान तिनं एकटीनं राखलं, एवढं आबांच्या तोंडून ऐकलेलं. पण ते 'आमची आय' म्हणायचे, नावानं नाही.

पणजोबांच्या वरचं काही जुळेना तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांकडं वळलो. चुलते गेलेले. थोरल्या काकू चौऱ्याऐंशीच्या, आठवण लखलखीत. त्यांना नावं येत असणार याची खात्री होती. मी विचारलं.

"मला ठावं हाय की सगळं," काकू म्हणाल्या, "पर मी कसं घिऊ? जीभ झडंल."

"आता कोण आहे ऐकायला?"

"तू हाईस न्हवं?"

त्यांनीच मग तोड सांगितली. "आत्याबाईंकडं जावा. त्या लेकी हाईत."

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. बापाचं, आज्याचं, चुलत्याचं नाव घ्यायला लेकीला आडकाठी नाही. ज्यांची नावं सातबाऱ्यावर टिकली नाहीत त्यांच्याच तोंडी ती नावं शाबूत होती. थोरली आत्या मसूरला, धाकटी तांबव्याला. जायला पाय धजेनात, कारण पंचवीस वर्षांपूर्वी आम्हीच त्यांच्याकडं हक्कसोडपत्र घेऊन गेलो होतो. थोरल्या आत्यानं पाणी पुढं केलं, येण्याचं कारण ऐकलं आणि म्हणाली, "तवा अंगठा न्यायला आलतासा, आता नावं न्यायला आलायसा व्हय?" म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मीही.

मग तिनं चहा ठेवायला सांगितला आणि सुरुवात केली. बा, आजा, पणजा, त्याचे भाऊ, त्यातला कोण दत्तक गेला, कोण मुंबईला गिरणीत जाऊन परतलाच नाही. सालं तिच्या हिशेबानं. ती स्वतः 'पत्रीत पाच-सहा वर्सांची' (म्हणजे पत्री सरकारच्या काळात), धाकटी बहीण 'गांधी-वधाच्या जाळपोळीच्या आधी एक सुगी', नकुसाचं मरण 'पिलेगात'. मध्येच थांबली की हाताची बोटं अंगठ्यानं मोजायची. आणि एका ठिकाणी डोळे मिटून तिनं सुरात पाच नावं एका दमात म्हटली. तो सूर आम्ही ओळखला. घुंगरांकडं बघत बसलो होतो तेव्हा दाराआड हीही उभी असायची, माहेरपणाला आलेली.

नावं मी इथं लिहिली नाहीत. काकूंचा गुण लागला म्हणा.

वंशावळ मोठ्या कागदावर काढली. आमच्या एका चुलतबहिणीनं हट्टानं लेकी आणि सुना दोन्ही घालायला लावल्या. सुनांच्या माहेरच्या नावांसाठी ओंड, काले, उंडाळे असं हिंडणं झालं, कारण लग्नात नाव बदललेलं आणि आधीचं नाव फक्त माहेरच्या भाच्याला ठाऊक. आजीचं लग्नाआधीचं नाव आमच्या आईला साठ वर्षांनी कळलं.

कागद सोप्यात पसरला तेव्हा थोरल्या काकू चष्मा लावून खाली बसल्या. त्या चौथी शिकलेल्या. एकेका चौकटीवर बोट ठेवून, ओठ हलवत, त्या वरून खाली आल्या. अ.पा.क. आईपाशी बराच वेळ थांबल्या. सासऱ्यांच्या चौकटीपाशी आल्यावर बोट उचललं, पदर डोक्यावर नीट घेतला आणि बोट पुढच्या चौकटीत ठेवलं.