मातीतले तपस्वी

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात वैशाख महिना मोठा कठोर असतो. काळ्या रानात पीक नसते, बांधावर हिरवी काडी दिसत नाही. जमिनीला हात सहज आत जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकरी वारंवार आभाळाकडे पाहतो. परंतु कितीही ओढगस्त असली, तरी पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याला तो हात लावीत नाही. या रानात आता जिवंत असे काही उरलेच नसावे, असे एखाद्या वाटसरूला वाटले, तर त्यात नवल नाही.

मग एके दिवशी वळवाची सर येते. तापलेल्या मातीवर थेंब पडतात न पडतात, तोच तो ओळखीचा सुगंध दरवळू लागतो. घरातील वृद्ध माणसेही ओसरीवर येऊन दीर्घ श्वास घेतात. पण हा सुगंध केवळ मातीचा नव्हे. तिच्यात वस्ती करणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जीवाणूंचा त्यात मोठा वाटा असतो. ते जिओस्मिन नावाचे द्रव्य निर्माण करतात आणि थेंबांच्या आघाताने ते सूक्ष्म तुषारांबरोबर हवेत उडते. ओसाड भासणारी ती भूमी ओसाड नव्हतीच!

मग एवढ्या उन्हाळ्यात हे इवलेसे जीव तगले कसे? स्ट्रेप्टोमायसीस बीजाणूंच्या रूपाने कोरडा काळ काढतात. त्यांचे शेजारी बॅसिलस जीवाणू याहूनही चिवट. अन्न संपत आले, की ते संकटाची वाट पाहत बसत नाहीत. आपल्या आनुवंशिक द्रव्याची एक प्रत ते पेशीच्या आत वेगळी ठेवतात, तिच्याभोवती कवचावर कवच चढवितात आणि आतील बरेचसे पाणी काढून टाकतात. उरलेली पेशी नाश पावते. बीजाणू मात्र राहतो. तो खात नाही, वाढत नाही, हलत नाही. वर्षानुवर्षे तो असा पडून राहू शकतो. ओलावा आणि अन्न मिळताच तो कवच फोडून पुन्हा जगू लागतो. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात, असे जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी 1876 मध्ये दाखवून दिले.

जमिनीवर जी चिवटपणाची कथा, तीच आकाशातही आढळते. एप्रिल 2005 मध्ये हैदराबादहून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या प्रयोगासाठी एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने त्याने आणले. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत ते तपासले गेले, तेव्हा त्यांत तीन नव्या जातींचे जीवाणू सापडले. तेथील प्रखर अतिनील किरणांपुढेही ते टिकून राहिले होते. त्यांपैकी एका जातीला आर्यभटांच्या स्मरणार्थ बॅसिलस आर्यभट्टाई हे नाव 2009 मध्ये देण्यात आले.

पुराणांत तपश्चर्या देवांनीही केली आणि दैत्यांनीही. मातीतही तसेच आहे. स्ट्रेप्टोमायसीसच्या एका जातीपासून 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळाले आणि क्षयरोगाने खचलेल्या असंख्य रुग्णांना नवे आयुष्य लाभले. उलट, धनुर्वाताचे बीजाणूही याच मातीत निपचित पडून असतात. अनवाणी पायात काटा किंवा खिळा खोल रुतला, की हवा न पोहोचणाऱ्या त्या जखमेत ते जागे होतात आणि माणसाच्या जिवावर उठतात. म्हणूनच जखम स्वच्छ धुणे आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेणे अगत्याचे असते. शस्त्रक्रियेची हत्यारेही नुसती उकळून भागत नाही. ती दाबाखालील वाफेत 121 अंश सेल्सिअस तापमानाला ठेवावी लागतात.

चिवटपणा हा एक गुण खरा. पण त्याचे मोल तो कोणाच्या कामी येतो यावर ठरते. लोहाऱ्याचा शेतकरी हे जाणतो. मृगाचा पाऊस पुरेसा झाला, जमिनीत ओल उतरली, की जपून ठेवलेले बियाणे तो बाहेर काढतो. तिफण चालू लागते. एक बीज त्याच्या मुठीतून मातीत पडते आणि त्याच वेळी त्याच्या पावलांखाली असंख्य अदृश्य बीजाणू कवच फोडून जागे होत असतात.